आमची पाटी पुसणाऱ्या डिझायनरसाहेबांना खुले पत्र

डिझायनरसाहेब,

तुमचं नाव लिहीत नाही. तुमच्यासारखे कारागीर नाशिकपासून पुण्यापर्यंत पसरले आहेत आणि हे पत्र त्या सगळ्यांनी वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या बिलात ‘ब्रँड संशोधन’ असा एक रकाना होता. ते संशोधन कुठे केलंत? आमच्या गावात, देवळ्यात तर तुम्ही पाऊल ठेवलं नाहीत. आला असतात तर आमच्या स्टुडिओची पाटी दिसली असती. पिवळ्यावर काळी, जाड देवनागरी अक्षरं, पेंटरकाकांनी ब्रशने काढलेली. ‘देवळा’तल्या ‘ळ’च्या दोन्ही गाठी त्यांनी मुद्दाम टपोऱ्या ठेवल्या होत्या. उमराण्याच्या बाजाराला कांदा घेऊन निघालेला माणूस ट्रॅक्टरवरून ती पाटी वाचत जायचा. मुलीचं लग्न ठरलं की तोच माणूस फोटोसाठी, पत्रिकेसाठी आमच्या दारात यायचा. ओळख म्हणतात ती हीच.

तुम्ही ती पाटी काढायला लावलीत. तिच्या जागी राखाडी रंगाचं बारीक वर्तुळ आलं, आत दोन रोमन अक्षरं. दहा फुटांवरून ते दिसत नाही आणि दिसलं तरी कोणाचं आहे ते कळत नाही. जुनी गिऱ्हाईकं विचारतात, “भाऊ, दुकान विकलं का?” या प्रश्नाचं उत्तर तुम्ही द्यायला हवं. असलं वर्तुळ दंतवैद्याला चालेल, जिमला चालेल, सिमेंटच्या व्यापाऱ्यालाही चालेल. मग ते आमचं कसं?

आता वेबसाइट. परदेशी टेम्प्लेट विकत घेतलंत, आमचे फोटो त्यात ओतलेत. रोमन अक्षरं जरा सुटी ठेवली की देखणी दिसतात, म्हणून त्या टेम्प्लेटमध्ये मथळ्याच्या अक्षरांत अंतर सोडलेलं होतं. तेच अंतर तुम्ही मराठीलाही लावलंत आणि शिरोरेषा तुटली. पहिल्याच पानावर ‘लग्नसोहळा’ हा शब्द ल, ग्न, सो, ह, ळा अशा पाच तुकड्यांत पडला आहे. अंतर शून्य करायला एक ओळ पुरते. पण त्यासाठी आधी पान वाचावं लागतं. बॅनरवर तर ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर जाऊन बसली आहे आणि जोडाक्षरं सुटी झाली आहेत. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठी मजकुराची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती तुम्ही निवडली नाहीत, आणि तरीही फाइल ‘फायनल’ म्हणून पाठवलीत.

साधनं नव्हती असं म्हणायला जागा नाही. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. र. कृ. जोशींचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरी पोचला, त्यालाही दोन दशकं उलटून गेली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने ‘मुक्ता’ हा फॉन्ट सगळ्यांना फुकट वापरायला दिला आहे. ‘टिरो देवनागरी मराठी’त ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे मिळतात, तोही फुकट. आणि अक्षरातून चेहरा कसा उभा करायचा, ते कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत आयुष्यभर करून दाखवलं. २०२० साली ते गेले, काम समोर आहे. मराठीत डिझाइन करून पैसे घेणाऱ्याला यातलं काहीच पाहावंसं वाटू नये, याचा मला राग आहे.

सगळ्यात मोठं नुकसान मात्र डोळ्यांना दिसत नाही. जुन्या साइटवर प्रत्येक लग्नाचं एक पान होतं: फोटो, मांडवाचा पत्ता, नकाशा. त्या पानांचे क्यूआर कोड पत्रिकांवर छापून देवळ्याभोवतीच्या कसमादे पट्ट्यातल्या गावोगावी गेले होते. तुम्ही पानांचे पत्ते बदललेत आणि जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्यावर नेणारी सोय केली नाहीत. लोहोणेरच्या एका घरच्या पाहुण्यांनी कोड स्कॅन केला, तर समोर ‘पान सापडले नाही’, तेही इंग्रजीत. वधूपित्याचा मला फोन आला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. वेबसाइट नव्याने बांधताना जुन्या पत्त्यांची यादी सगळ्यांत आधी करायची असते. हे काम शिकाऊ पोरालाही सांगितलं जातं.

आणि फोन नंबर कुठे गेला? पूर्वी तो सगळ्यांत वर, मोठ्या अक्षरांत होता, बोट लावलं की फोन लागायचा. आता तिथे सहा रकान्यांचा फॉर्म आहे, त्यात ईमेल सक्तीचा. आमचं गिऱ्हाईक शेतातून फोन करतं. शिवाय पान उघडताच आपोआप सुरू होणारा तो जड व्हिडिओ! रेंजच्या एका काडीवर तो उघडेपर्यंत माणूस दुसऱ्या स्टुडिओला फोन लावून मोकळा होतो.

तेव्हा चार गोष्टी करा. डोमेन तुमच्या नावावर घेतलंत, ते आमच्या नावावर करा. सर्व्हरचा पासवर्ड द्या. जुन्या साइटचा बॅकअप द्या, पत्ते आम्ही जोडून घेऊ. आणि पाटीचे जे मोठे फोटो तुम्हाला दिले होते ते परत पाठवा. पेंटरकाकांच्या अक्षरांवरून लोगो पुन्हा काढायला गावातलाच एक मुलगा बसला आहे, त्याला ‘ळ’ नीट दिसायला हवा. पुढच्या लग्नांच्या पत्रिका या आठवड्यात छपाईला जात आहेत. पासवर्ड त्याआधी हवा.