भाऊजींसाठी मत्स्यवेधाची नियमावली

सदर नियमावली मारतहळ्ळी, मुन्नेकोळाल, दोड्डनेक्कुंदी व कुंदलहळ्ळी या परिसरात राहणाऱ्या आणि अमेरिकेहून कायमच्या परत आलेल्या समस्त मराठी मत्स्यप्रेमींना लागू राहील. अशी एकच व्यक्ती सध्या आमच्या माहितीत आहे. ती आमच्या ताईचे यजमान असल्याने तिचा उल्लेख पुढे सर्वत्र आदरार्थी बहुवचनात केलेला आहे.

नियम 1. जो मासा धरायचा तो त्या तळ्यात असावा.

नियम सोपा वाटेल. भाऊजींना वाटत नाही. मिनेसोटात त्यांनी क्रॅपी नावाचा मासा धरला आणि तेव्हापासून जगातली सगळी तळी त्यांना क्रॅपीची दिसतात. क्रॅपी काळा आणि पांढरा अशा दोन जातींचा असतो, बुडालेल्या झाडाझुडपांच्या आडोशाला थव्याने राहतो. त्याचा ओठ इतका पातळ की जोरात झटका दिला तर फाटतो आणि गळ रिकामा वर येतो. त्याची नजर वरच्या दिशेला, म्हणून आमिष त्याच्या किंचित वर लोंबतं ठेवायचं. खाली सोडलं तर तो ढुंकून बघत नाही. ही सगळी माहिती अचूक आहे. मुंजीत, बारशाला आणि एकदा तर तेराव्याच्या जेवणात आम्ही ती ऐकलेली आहे. अडचण एवढीच की क्रॅपी उत्तर अमेरिकेत राहतो आणि त्याला बेंगळुरूला बदली मिळालेली नाही.

आपल्याकडे चिलापी आहे. उजनीच्या पाण्यात जिने ठाण मांडलंय तीच; इकडे तिला जिलेबी म्हणतात. मूळची आफ्रिकेची. 1952 मध्ये तिला भारतात आणलं, 1959 मध्ये तिचा प्रसार थांबवायचं सरकारी पातळीवर ठरलं, आणि मधल्या सात वर्षांत चिलापीने जे करायचं ते करून घेतलं होतं. नर तळाशी थाळीएवढा गोल खड्डा खणतो, मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते आणि त्या काळात जवळजवळ उपाशी राहते. म्हणजे तुमच्या समोर मासे फिरताहेत आणि एकही गळाला तोंड लावत नाही, तेव्हा दोष दरवेळी गळाचा नसतो. बाई बाळंतपणात असू शकते.

नियम 2. परवानगी.

शहरातल्या बऱ्याच तळ्यांच्या कुंपणावर पोहू नये, मासे धरू नयेत, अशा पाट्या आहेत. त्या वाचाव्यात. जिथे मासेमारी चालते तिथे बहुधा कुणीतरी ठेका घेऊन कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली सोडलेली असतात, आणि ते मासे त्या माणसाचे असतात. “मी फक्त धरून परत सोडतो” हे वाक्य मिनेसोटात सभ्य समजलं जातं. ठेकेदाराच्या राखणदाराला ते कन्नड, हिंदी, तेलुगू यांपैकी कुठल्याही भाषेत पटवता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचंच बरोबर आहे. त्यापेक्षा शहराबाहेर पैसे घेऊन गळ टाकू देणारी खासगी तळी आहेत, तिथे जावं.

नियम 3. पाण्याकडे बघण्याआधी बांधाकडे बघावं.

भाऊजींकडे पाण्याची खोली आणि खालचे मासे पडद्यावर दाखवणारं एक यंत्र आहे. बेंगळुरूत ते लागत नाही. इथलं जवळजवळ प्रत्येक तळं माणसाने बांधलेलं आहे: उतारावर आडवा मातीचा बांध घातला, वरच्या अंगाने पावसाचं पाणी अडलं, भरलं की सांडव्यावरून पुढच्या तळ्यात. त्यामुळे सगळ्यात खोल पाणी बांधाच्या पोटाशी असतं आणि समोरचा काठ उथळ, गाळाचा, लव्हाळ्याचा. चिलापी त्या उथळ, कोमट काठाला. कटला वरच्या थरात, रोहू मध्ये, मृगळ तळाशी. एवढं लक्षात ठेवलं की यंत्राची बॅटरी चार्ज करायला विसरलो म्हणून ताईवर चिडायचं कारण उरत नाही.

मात्र तळी एकमेकांना जोडलेली असल्याचा दुसरा अर्थही आहे. वरच्या तळ्यात जे पडतं ते खालच्यात येतं. पाणी वाहून नेणाऱ्या राजकालुव्यांमधून आता सांडपाणी येतं. बेळ्ळंदूरचं वर्तूरला, वर्तूरचं पुढे दक्षिण पिनाकिनीला. 2015 मध्ये वर्तूरचा साबणी फेस रस्त्यावर उडत होता. जानेवारी 2018 मध्ये बेळ्ळंदूर तळ्याला लागलेली आग विझवायला लष्कराचे हजारो जवान उतरले. त्या दोन तळ्यांविषयी या नियमावलीत काही मार्गदर्शन नाही.

नियम 4. पहाटे उठू नये.

हा नियम भाऊजींना मान्य नाही आणि हाच सर्वात महत्त्वाचा आहे. मिनेसोटाच्या स्वच्छ पाण्यात उजाडताना मासा खातो, हे बरोबर. इथलं हिरवंगार पाणी म्हणजे शेवाळाचा रस्सा. दिवसभर उन्हात ते शेवाळ प्राणवायू सोडतं, रात्रभर मात्र तोच ओढत बसतं. परिणामी उजाडायच्या आधी पाण्यात प्राणवायू सर्वात कमी असतो. त्या वेळी मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडतात. भाऊजी आनंदाने म्हणतात, “बघ, फीडिंग!” ते फीडिंग नसतं, ते गुदमरणं असतं. श्वास लागलेल्या माणसापुढे कुणी बुंदीचा लाडू धरत नाही. 2016 च्या मार्चमध्ये अलसूर तळ्यात मेलेल्या माशांचा खच काठाला लागला होता, तेव्हाही पाण्यात प्राणवायू कमी पडल्याचंच कारण पुढे आलं होतं.

म्हणून ऊन चांगलं वर येऊ द्यावं. साडेआठ, नऊ. इडली-वडा खावा, दुसरी कॉफी घ्यावी. संध्याकाळची उतरती वेळही उत्तम. पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस जाऊच नये. गटारं धुऊन सगळं तळ्यात आलेलं असतं.

नियम 5. आमिष.

कणीक. घट्ट मळलेली, चिमूटभर हळद, थोडी शेंगदाण्याची पेंड. वाटाण्याएवढी गोळी. नाहीतर गांडुळाचा तुकडा. चिलापीचं तोंड लहान, तेव्हा गळही लहान, आठ ते दहा नंबरचा. (गळाचा नंबर वाढतो तसा गळ लहान होतो. हे समजावून सांगताना भाऊजी वही-पेन मागतात. देऊ नये.) वीत-दोन वीत खोलीवर, थर्माकोलचा तुकडा तरंगता ठेवून. चिलापी आधी दोनदा-तीनदा चाचपते, तुकडा नुसता थरथरतो. तो आडवा सरकायला लागला की मनगट हळूच उचलायचं. हे आम्हाला ज्या माणसाने शिकवलं त्याच्याकडे बांबूची काठी होती.

चांदीच्या रंगाचे, पिसं लावलेले, शेपूट हलवणारे ते अमेरिकन खोटे मासे पेटीतच शोभून दिसतात.

नियम 6. उपकरणे.

एक काठी. भाऊजी, एक.

नियम 7. शास्त्राधार.

परदेशी पुस्तकांचा फार हवाला दिला जाऊ लागला की कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचं नाव काढावं. बाराव्या शतकात त्याने ‘मानसोल्लास’ लिहिला, शंभर अध्यायांचा, आणि त्यात गळाने मासे धरण्याच्या करमणुकीला मत्स्यविनोद म्हणून सबंध अध्याय दिला: कोणता मासा कुठला, कुणाला काय चारावं, दोरी कशी असावी, काठी कशी. ती कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यात, सोलापुराहून फार लांब नाही. एवढं बोलल्यावर भाऊजी गप्प होतात आणि रात्री मोबाइलवर तो ग्रंथ कुठे मिळतो ते शोधतात. मग दुसऱ्या दिवसापासून तोही आपल्यालाच ऐकावा लागतो. शस्त्र जपून वापरावं.

नियम 8. मौन.

तळ्याकाठी बोलू नये असं सगळे सांगतात. माशाला आपल्या गप्पांपेक्षा काठावर आपटलेल्या पावलांचा हादरा जास्त जाणवतो, तेव्हा हळू बोलायला हरकत नाही. पण एक गोष्ट नोंदवावी लागेल. घरी अखंड बोलणारे भाऊजी काठी हातात आली की बोलत नाहीत. आईचं दुखणं निघालं म्हणून ते तिकडचं सगळं आवरून आले. बोट विकली, घर विकलं, खोट्या माशांची ती पेटी तेवढी विमानात सोबत आणली. इथे दिवसभर ऑफिसचे कॉल, मध्येच आईची औषधं, रिंग रोडवर दीड तास. त्या थर्माकोलच्या तुकड्याकडे बघताना त्यांच्या कपाळावरची आठी जाते. आम्ही तेव्हा क्रॅपीचा विषय स्वतःहून काढतो. ते नुसतं “हं” म्हणतात.

नियम 9. खाणे.

शहरी तळ्यातला मासा खाऊ नये. पाण्यात काय-काय येतं ते वर सांगितलंच आहे. खासगी तळ्यावर विहिरीचं पाणी असेल तर आणावा: खवले नीट काढून, पोट साफ करून, हळद-मीठ-कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचा, मग तांदळाचं पीठ आणि रवा लावून तव्यावर. चिलापीचे काटे मोठे, सहज निघतात. आमची आई मालवणची. गोड्या पाण्यातला मासा तिच्या लेखी भाजी आहे. तिच्यासाठी बांगडा वेगळा आणावा.

नियम 10. प्रस्थान.

येत्या रविवारी होस्कोटेच्या बाजूला जायचं ठरलं आहे. भाऊजींनी पहाटे साडेचारचा गजर लावल्याचं ताईने कळवलं. गाडीची किल्ली आमच्याकडे आहे आणि आम्ही साडेआठला उठणार आहोत. यंत्र घ्यायचं नाही. पेटी घ्या, पण मांडीवर. डिकीत ताई तिची चटई, डबे आणि भाऊजींच्या आईंची घडीची खुर्ची ठेवणार आहे.