पसंतीच्या काकू

औरंगपुऱ्याच्या बाजारात कानातलं घ्यायला बाई सहसा एकटी येत नाही. पैसे तिचे, कान तिचे, पण नजर दुसरीची लागते. कारण सरळ आहे. बांगडी हात पुढं केला की दिसते, गळ्यातलं मान खाली घातली की दिसतं, नथसुद्धा डोळे तिरके केले तर थोडीफार दिसते. कानातलं मात्र घालणारीला सोडून सगळ्या गावाला दिसतं. म्हणून स.भु. कॉलेजच्या पोरींपासून नातवाच्या बारशाला निघालेल्या आजींपर्यंत प्रत्येकीला सोबत एक भरवशाचं माणूस हवं असतं. हे माणूस म्हणजे पसंतीच्या काकू. गल्लीगणिक एक असतात. आमच्याही गल्लीत आहेत.

‘‘काकू, जरा पसंतीला चला ना,’’ एवढं म्हणायचा अवकाश, काकू कुकरच्या उरलेल्या शिट्ट्या शेजारणीच्या हवाली करून पायात चपला सरकवतात.

दुकानात शिरल्यावर त्या आधी दागिन्यांकडे बघत नाहीत, वरच्या दिव्यांकडे बघतात. ‘‘या उजेडात काचसुद्धा हिरा दिसते,’’ असं म्हणून झुमक्यांचं कार्ड घेऊन थेट रस्त्यावर, उन्हात. मागोमाग दुकानदार, ‘‘आंटी, अंदर देखो ना!’’ रिक्षावाला हॉर्न देतो. मंडईतून मेथीची जुडी घेऊन निघालेली कोणी अनोळखी बाई थांबते आणि ‘‘मोरपंखीच घ्या, उठून दिसतंय,’’ असं सांगून चालू लागते. तिचं मत काकू मनापासून विचारात घेतात. औरंगपुऱ्यात कानातल्यावर मत द्यायला ओळख लागत नाही.

मग परीक्षा सुरू होते. काकू आधी कानातलं उलटं करतात. ‘‘पुढून सगळीच स्थळं चांगली असतात, मागून बघावं.’’ दांडी जाड की बारीक, फिरकीचे आटे नीट बसतात की नुसतेच गोल फिरतात, डाग लावलाय कुठं. मग तळहातावर झेलून वजन. मग पोरीच्या कानाशी धरून हुकूम सुटतात, ‘‘मान वळव. हलव. आता बोल काहीतरी.’’

‘‘काय बोलू?’’

‘‘नवऱ्याशी बोलतेस तसं बोल. तेव्हाच झुमका हलतो.’’

एवढ्यात फिरकी पडते. ती पडतेच. मग पोरगी, तिची आई, दुकानदार, त्याचा पोऱ्या आणि भिकबाळी बघायला आलेला ढोलपथकातला मुलगा असे सगळे फरशीवर ओणवे होतात. काकू तेवढ्या उभ्या असतात. फिरकी कुणाच्या तरी चपलेखाली सापडेपर्यंत त्यांनी काउंटरमागचा वरचा कप्पा न्याहाळून घेतलेला असतो. ‘‘तो डबा काढा बरं. चांगला माल वर ठेवता होय?’’

एक ग्रॅमवाल्या दागिन्यांची सूचनावली त्यांना तोंडपाठ आहे. पाणी लावू नका, सेंट मारू नका, घाम आला तर पुसून ठेवा. ‘‘म्हणजे मराठवाड्यात घालायचं कधी?’’ असं त्यांनी विचारलं की दुकानदार सहा महिन्यांची गॅरंटी देतो आणि काकू ती एका वर्षावर नेतात. घासाघीस शहराच्या रिवाजाप्रमाणे हिंदीत. ‘हौ’ दुकानदाराकडे, ‘नक्को’ काकूंकडे.

खऱ्या सोन्याचं काम असलं की मोर्चा गुलमंडी, मछली खडक, सिटी चौक करत सराफ्याकडे वळतो. कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. इथं काकू सोनाराचे टोचतात. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या नव्या नगावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी लागतो, हे त्यांना पाठ आहे. तो भाच्याच्या मोबाइलवर तपासून होईपर्यंत त्या पाकिटाला हात लावू देत नाहीत. दोन ग्रॅमच्या आतल्या नगाला हॉलमार्कची सक्ती नाही, हेही त्यांना ठाऊक. म्हणून पावणेदोन ग्रॅमचे टॉप्स पुढं आले की त्यांचा आवाज एकदम गोड होतो, ‘‘मोडीत घालताना घट किती धरणार, ते बिलावर लिहून द्या हं.’’

इतिहासही त्या कानांतूनच शिकल्या. 1959 च्या ‘सांगत्ये ऐका’तल्या गाण्यापासून बुगडी ही सांडायचीच वस्तू आहे असं त्यांचं ठाम मत, म्हणून चापाची असली तर चाप स्वतःच्या बोटावर चिमटून बघतात. पाहुण्यांबरोबर अजिंठ्याला गेल्या, तर बाकीचे पद्मपाणीचे डोळे बघत राहिले आणि यांनी भिंतीवरची कुंडलं मोजली. बुद्धमूर्तीच्या लांब पाळ्या राजपुत्रपणीच्या जड कुंडलांमुळे, असं गाइडनं सांगताच बरोबरच्या सुनेकडे वळून म्हणाल्या, ‘‘ऐकलंस? तुला ते झुबे नको म्हणत होते ना मी?’’

भाद्रपदात महालक्ष्म्यांच्या आधी तर काकूंची वेळच मिळत नाही. देवी दोन, कान चार आणि मुखवट्याच्या कानाची भोकं पॉलिशनं बुजलेली. दोन्ही जोड अगदी सारखे हवेत, तसूभर फरक नको. ‘‘थोरलीला मोठं, धाकटीला लहान असला दुजाभाव जावांत चालतो, देवींत नाही,’’ असं त्या बजावतात, तेव्हा सोबत आलेल्या दोन जावा एकमेकींकडे बघत नाहीत.

एवढं सगळं सोसून दुकानदार त्यांना खुर्ची देतो, चहा मागवतो. तो खुळा नाही. तासभर आरशात मान वळवूनही जिला ठरवता येत नाही, तिची पर्स काकूंच्या एका ‘घे’वर उघडते. घरी सासूनं नाक मुरडलं तर ‘काकूंनी पसंत केलंय’ हे उत्तर तयार असतं. पुढं पॉलिश उडालं तर बोल लावायलाही काकूच. नवरा छान म्हणतो, पण तो कार्डावरचं सगळंच छान म्हणतो; त्याच्या मताला बाजारात भाव नाही.

यंदा महालक्ष्म्यांच्या गर्दीत एका दुकानदारानं हे उपकार फेडायचं मनावर घेतलं. मखमली डबीत झुमके घालून त्यानं अदबीनं पुढं केले, ‘‘आंटी, ये आपके वास्ते. पैसे नई लेना.’’

काकूंनी डबी उघडली. झुमका उलटा केला, दांडी बघितली, फिरकी फिरवली, तळहातावर झेलला आणि डबी परत सरकवली.

‘‘दुसरे दिखाओ.’’