उन्हाळी रोमन

कलोसियमकडे पाठ करून एखादा तरुण शेजारच्या पडक्या भिंतीला नाक लावून उभा दिसला, तर तो वाट चुकलाय असं समजू नये. तो उन्हाळी रोमन. प्राचीन रोमन कला आणि इतिहास शिकायला जून-जुलैत तो पाच-सहा आठवडे रोमला येतो. मूळचा न्यू जर्सीचा असो, लीड्सचा असो की कर्वेनगरचा, आठवड्याभरात त्याची मान भाजते, चपला झिजतात आणि हातातली पाण्याची बाटली शरीराचाच भाग होते. बाटलीबंद पाणी विकत घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. १८७४ पासून रस्तोरस्ती वाहणारे ‘नाझोने’ नावाचे नळ त्याला पाठ असतात. तोटीच्या तोंडाशी बोट दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, हे तो नवख्यांना अशा थाटात दाखवतो, की रोमला पाणी यांच्याच आजोबांनी आणलं असावं.

पहिला आठवडा भिंतींचा. वेडेवाकडे दगड बसवले असतील तर ‘इन्सर्टम’, शंकरपाळ्यांसारखे तिरपे चौकोन असतील तर ‘रेटिक्युलेटम’, आणि पुढे सम्राटांच्या काळात विटाच विटा. पँथिऑनच्या कपाळावर ‘हे मार्कस अग्रिपाने बांधलं’ असं ठसठशीत कोरलंय. पण विटांवरचे शिक्के सांगतात, की आत्ताची इमारत अग्रिपानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी, सम्राट हेड्रियनच्या काळात पुरी झाली. हे कळल्यापासून उन्हाळी रोमनचा पाट्यांवरचा विश्वास उडतो. तो थेट विटेशी बोलतो. ४३ मीटर व्यासाचा तो अचाट घुमट बघायला लोक जगभरातून येतात. हा बाहेर मागच्या भिंतीपाशी सापडतो. मायकेलअँजेलोबद्दल त्याला विचारू नये. इसवी सन ४७६ नंतर घडलेलं सगळं त्याच्या लेखी ताज्या बातम्यांत मोडतं.

खरी बाधा होते ती दुसऱ्या आठवड्यात, पुतळ्यांची मुंडकी सुरू झाली की. रोमन मुंडक्याचा काळ केसांवरून ठरतो. सुरकुती न सुरकुती कोरलेला रागीट म्हातारा दिसला, तर बहुधा गणराज्याचा काळ. ऑगस्टस पंचाहत्तरीपर्यंत जगला, पण पुतळ्यांत त्याचं वय वाढलंच नाही. त्याला ओळखायचं ते कपाळावरच्या बटांच्या कात्रीवरून. बायकांच्या डोक्यावर कुरळ्यांचा मनोरा म्हणजे फ्लेव्हियन. सम्राटांत दाढीची फॅशन आणली हेड्रियनने. एवढं डोक्यात गेलं, की उन्हाळी रोमनला जिवंत माणसं दिसेनाशी होतात. ६४ नंबरच्या बसमध्ये खिसेकापू फार, असं त्याला दहादा बजावलेलं असतं. पण तो समोरच्या काकांची दाढी दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात बसवण्यात गुंग असतो. फोनवर आई सहज चौकशी करते, “तुमच्या वर्गातली ती मुलगी कशी आहे रे?” हा विचार करून सांगतो, “केस ट्रेजनच्या काळातले आहेत. नाक मात्र नंतर बसवलेलं वाटतं.”

मग येतो भाषणाचा दिवस. प्रत्येकाने एका वास्तूसमोर उभं राहून बोलायचं असतं. याच्या वाट्याला ट्रेजनचा स्तंभ येतो आणि वेळ येते भर दुपारची. डेशियाच्या दोन युद्धांची गोष्ट या स्तंभावर खालून वर गुंडाळत गेली आहे, आणि जसजशी ती वर जाते तसतशी कुणालाच दिसत नाही. हा नेमकी वरचीच दृश्यं समजावतो. वर्गमित्र एकेक करून सावलीकडे सरकतात, प्राध्यापिका टोपीने वारा घेतात. पण फुकटचा गाईड समजून चार-पाच परके प्रवासी मागे येऊन उभे राहतात आणि याची छाती सम्राटाएवढी होते. त्यातल्या एक बाई हात वर करतात आणि जवळपास शौचालय कुठे आहे, असं विचारतात. याला वाटतं, वा, काय मार्मिक प्रश्न! तो सम्राट व्हेस्पेशियनने लघवीवर बसवलेला कर सांगतो. मुलगा टायटस कुरकुरला तेव्हा बापाने त्याच्या नाकाशी नाणं धरून, येतो का वास, असं विचारलं तेही सांगतो. किस्सा संपतो तेव्हा बाई गेलेल्या असतात.

मराठी उन्हाळी रोमनचा सोन्याचा दिवस उगवतो नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात. पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती इथे आहे. उंची जेमतेम २५ सेंटिमीटर, पण इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गडप झालेली. कुणी तिला लक्ष्मी म्हणतं, कुणी यक्षी. तिच्याशी मिळत्याजुळत्या मूर्ती सापडल्या आहेत मराठवाड्यात, तेरला आणि भोकरदनला. इतके दिवस दुसऱ्यांचे पूर्वज पाठ करणाऱ्या पोराला कंठ फुटतो. सातवाहन, बंदरं, घाटवाटा, रोमन सोनं, सगळं तो एका दमात सांगतो. प्राध्यापिका हरखतात.

“भोकरदन कसं आहे हो? आणि तेरचं संग्रहालय?”

तो पॉम्पेईतल्या गल्ल्या डोळे मिटून सांगू शकतो. भोकरदनचा मात्र त्याला जिल्हाही फोनमध्ये बघावा लागतो. त्याच रात्री घरी फोन जातो. “बाबा, जालन्याहून भोकरदनला एसटी असते का?”

“असेल की,” बाबा म्हणतात. “पण तिथे काय आहे बघायला?”