सात नंबरच्या बंगल्याचं काय चाललंय?

वहिनी, गॅस बारीक करा आणि जरा कंपाउंडपाशी या. आज सात नंबरचा ब्रेकर बंद आहे, तेवढ्यात बोलून घेऊ. मिस्त्रीच्या मेव्हण्याचं मिरजेला लग्न आहे म्हणून सगळे गडी तिकडे जेवायला. नाहीतर रोज सकाळी नऊला जे सुरू होतं ते माझी भांडी फळीवर नाचायला लागतात.

सात नंबरची बातमी पक्की आहे. अण्णांचा मुलगा पुण्याचा फ्लॅट भाड्याने देऊन कायमचा सांगलीला येतोय. बायको-मुलांसकट. त्याचं काम कॉम्प्युटरवरचं, ते कुठूनही चालतं. सूनबाईंनी विश्रामबागेतल्या शाळेत अर्ज टाकलाय. आणि त्याच्या आईला, माईंना, आता एकटं ठेवायचं नाही हे खरं कारण, बाकी सगळं वर लावलेलं.

हिश्शाचं विचारताय होय? मला वाटलंच होतं तुम्ही तिथे येणार. बहिणीने हक्कसोडपत्र करून दिलं, रीतसर रजिस्टर करून. पैसा घेतला नाही म्हणे. एवढंच म्हणाली, माहेरपणाला आले की वरची गॅलरीची खोली माझी. आणि हे महाशय सही झाल्यावर पहिल्यांदा काय म्हणाले असतील? गॅलरीच्या खोलीत माझं ऑफिस! सूनबाईंनीच सुनावलं त्याला, टेबल जिन्यापाशी लावा म्हणून. पोरगी गुणाची आहे, मी आधीपासून म्हणते.

पण तिचा तो डिझायनर बघितला का तुम्ही? घोट्याच्या वर पँट, पायात मोजे नाहीत. लॅपटॉपवर घराची चित्रं दाखवतो. माईंनी मला मुद्दाम बोलावलं होतं बघायला. चित्रात हॉल म्हणजे एखाद्या हॉटेलात आल्यासारखं वाटतं. जमिनीपासून छतापर्यंत टीव्हीची लाकडी भिंत. दिवाणाखाली ड्रॉवर, सोफ्याखाली ड्रॉवर, जिन्याखाली ड्रॉवर. बेडरूमला लाकडाच्या पट्ट्यांची जमीन. मी म्हटलं, बाळ, तू सांगलीत याआधी कधी काम केलंयस का? तर म्हणे, मॅडम, माझी बरीचशी कामं बाणेरला असतात.

आता बाणेरच्या माणसाला आयर्विन पूल काय माहीत! आपल्याला पावसाळ्यात सकाळी उठल्यावर चहाच्या आधी पुलापाशी नदीची पातळी किती ते लागतं. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. ४० म्हटलं की आपण खालची गादी वर नेतो. त्याला ४० फूट सांगितलं तर त्याला वाटलं प्लॉटची रुंदी सांगतेय.

२०१९ चा ऑगस्ट आठवतो ना? पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि आठवडाभर हललं नाही. तुमच्या गॅरेजच्या भिंतीवर ती तपकिरी रेघ अजून आहे, तुम्ही दोनदा रंग मारलात तरी वर येतेच. त्या वेळी आमच्याकडे दिवाण होता, ह्यांनी हौसेने करून घेतलेला, प्लायचा, खाली दोन ड्रॉवर. पाणी ओसरल्यावर ड्रॉवर उघडेचना. प्लाय फुगून चौकटीत गच्च बसलेला. शेवटी मुलाने पहार घातली. आत माझा लग्नातला शालू होता. त्याच्या प्रत्येक घडीत गाळ बसलेला, जरीच्या वेलबुट्टीत माती अशी शिरलेली की टूथब्रशने घासली तरी निघेना. वास तर विचारू नका. आणि शेजारीच माझ्या सासूबाईंची सागवानी पेटी होती, ती धुतली, सावलीत वाळवली, तेलाचा हात दिला, आजही वापरात आहे. मी हे सगळं त्या डिझायनरला सांगितलं. तो म्हणाला, आपण वॉटरप्रूफ प्लाय लावू. ७१० नंबरचा. आता तो प्लाय चांगला असतो हे मलाही माहीत आहे, बाथरूमच्या कपाटाला, ओट्याखाली पाणी ठिबकलं तर त्याचं काही बिघडत नाही. पण आठवडाभर गाळाच्या पाण्यात बुडून राहायचं, वर कडेच्या पट्ट्या, बिजागऱ्या, आतला डिंक, ह्या सगळ्याची हमी कोण देतो? दुकानदार तर बिलावरही लिहून देत नाही.

सूनबाई सगळं ऐकत होत्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कळलं, टीव्हीची भिंत रद्द. लाकडाच्या पट्ट्याही रद्द. ड्रॉवर सगळे वरच्या मजल्यावर. माई म्हणाल्या, तुम्ही बोललात म्हणून झालं, मी बोलले असते तर सासूपणा झाला असता.

खालची मोझेक फरशी तर थोडक्यात वाचली. मिस्त्री ती फोडून व्हिट्रिफाइड टाइल बसवणार होता. त्याचं काय जातं, फोडायची मजुरी वेगळी, बसवायची वेगळी! अण्णांनी ती फरशी ऐंशीच्या दशकात घातली, करड्या सिमेंटात पांढरे, काळे आणि विटकरी संगमरवराचे तुकडे. पुरानंतर तिला काही झालं नाही, फक्त निस्तेज झाली. मी म्हटलं, आधी पॉलिशवाल्याला एक कोपरा करून दाखवायला सांगा. आला तो. खाली पाणी सोडलं, मशिनला दगड लावून फिरवलं, आधी भरड, मग बारीक. खोलीभर पांढरट राड. शेवटी ऑक्झॅलिकची पावडर टाकून घासलं आणि फडक्याने पुसलं. वहिनी, ते विटकरी तुकडे असे उजळले की माई खालीच बसल्या बघत. म्हणाल्या, हे तर दुकानातून पसंत करून आणले होते तेव्हासारखं दिसतंय. फोडायचा बेत तिथेच संपला. नव्या टाइलच्या निम्म्याहून कमी पैशात काम झालं, आणि राडारोडाही नाही.

स्वयंपाकघराची वेगळीच कथा. सूनबाईंना मॉड्युलर पाहिजे होतं, पुण्यात होतं तसं, बंद होताना आवाज न करणारी कपाटं. आता मी काय त्यांच्या हौसेच्या आड येणार नाही. पण ओट्याखाली अण्णांनी केलेले कडप्प्याचे कप्पे आहेत, उभ्या फळ्या पण कडप्प्याच्याच. पूर गेल्यावर माईंनी नळी लावून ते धुतले, फिनेल फिरवलं, आणि वाळल्यावर डबे परत मांडले. गल्लीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत पहिला कुकर त्यांच्याकडे लागला. म्हणून मधला मार्ग निघालाय. कडप्पे तसेच, त्यात स्टीलच्या ट्रॉल्या, आणि पुढे ॲल्युमिनियमच्या चौकटीची दारं, काढता येतील अशी. अलगद बंद होणारी कपाटं भिंतीवरची, ती पाण्याच्या वर. डिझायनरचं तोंड उतरलं होतं म्हणे. उतरू दे.

भिंतींचं मात्र मला अजून पटलेलं नाही. खालच्या खोल्यांना लोणा लागलाय. हात फिरवला की पांढरी पूड येते. रंगारी म्हणतो, दोन हात लांबी मारतो, वर प्रायमर, वर रंग, कोऱ्या कागदासारखी भिंत करून देतो. देईल की! पण दिवाळीपर्यंत पोपडे येणार. भिंतीच्या पोटात ओल असताना वरून गुळगुळीत लांबी भरली की ओल बाहेर यायला वाट शोधते, आणि येताना क्षार आणि रंग दोन्ही घेऊन येते. आमच्याकडे पुरानंतर गवंड्याने कमरेपर्यंतचं प्लास्टर काढायला लावलं होतं. विटा उघड्या ठेवल्या, खिडक्या सताड उघड्या, पंखे चालू, पुढचा उन्हाळाही भिंतींना खाऊ दिला आणि मगच नवं प्लास्टर. लोक हसत होते, विटांच्या घरात राहतात म्हणून. आज आमची भिंत बघा आणि बाकीच्यांच्या बघा. सात नंबरला घाई झालीय, कारण वैशाखातला मुहूर्त धरलाय. गुरुजी म्हणाले वास्तुशांत अण्णांच्या वेळी झालीय, आता उदकशांत करा. त्यासाठी रंग हवाच, पाहुण्यांसमोर उघड्या विटा कशा ठेवायच्या? मी सांगितलं, वर रंग द्या, हॉलला रंग द्या, पण मागच्या दोन खोल्या यंदा नुसत्या चुन्यावर राहू द्या. पाहुणे मागे कशाला येतात? आलेच तर माझ्यासारख्या, आणि आम्हाला चालतं.

रंगावरूनही झालंच. सूनबाईंना हॉल करडा पाहिजे. माई म्हणतात, करडा रंग सिमेंटचा असतो, त्याच्यावर देतात तो रंग. शेवटी एक भिंत करडी, तीन बदामी. दोघी म्हणतात आपलंच खरं झालं.

आणि झोपाळा! ते राहिलंच. हॉलला पीओपीचं छत करणार होते, आत लाइटा लपवलेल्या. स्लॅबला अण्णांनी सळईला बांधून घेतलेल्या लोखंडी कड्या आहेत ना, त्या झाकल्या जाणार होत्या. माई चार-पाच दिवस गप्प. जेवायला बसल्या की वर बघायच्या. नातवाने विचारलं, आजी, तू वर काय बघतेस? तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं. छत रद्द झालं. बरं झालं, पीओपीला वरून गच्चीची ओल लागली असती तर डाग पडत बसले असते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करायचं असतं, छत नंतर, आणि ह्यांचा उलटा कार्यक्रम होता.

वायरमन चांगला मिळालाय, आपल्या हळद मार्केटकडचा. त्याने न सांगता सगळं नीट केलं. तळमजला वेगळा, वरचा मजला वेगळा, दोन्हीला वेगळे एमसीबी. मीटरची पेटी वर घेतली. जमिनीलगतचे पॉइंट बंद, सगळे छातीच्या उंचीवर. इन्व्हर्टर वर. पुरात वीज मंडळाकडून बंदच करतात, पण पाणी गेल्यावर लोक उत्साहाने बटणं चालू करतात आणि तिथे धोका असतो. खालचं पूर्ण वाळेपर्यंत खालचा एमसीबी पाडून ठेवायचा आणि वर पंखा-दिवा सुरू. गळतीचा करंट जाणवला की आपोआप तुटणारं ते यंत्रही बसवलंय. तुमच्याकडे अजून तो जुना चिनी मातीचा फ्यूज आहे वहिनी, मी मागेही बोलले होते.

प्लंबरला मी स्वतः गाठलं. कारण आपल्याला ठाऊक आहे, पाणी आधी दारातून येत नाही, संडासातून येतं. कमोडमध्ये गुडगुड झाली की समजायचं नदी गटारातून मागे ढकलतेय. बाहेरच्या चेंबरच्या आधी एक झडपेचा व्हॉल्व्ह बसवला तर घाण उलटी येत नाही. फार खर्च नाही. फक्त वर्षातून एकदा झडप उघडून साफ करायची, नाहीतर ऐन वेळी अडकते. बसवलाय त्यांनी.

नवीन बंगला का नाही बांधला म्हणता? कुठे बांधतात! आपली गल्ली पूररेषेत. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला सहजी परवानगी मिळत नाही, पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती रेषा. लाल रेषा शंभर वर्षांतल्या एकदाची. आपण मात्र २००५ पाहिला, २०१९ पाहिला, आणि २०२१ ला पुन्हा गाद्या वर नेल्या. विकायला काढलं तर भाव पाडून मागतात. म्हणजे आहे तेच नीट करून राहायचं, त्याने तेच केलं, शहाणपणाचं केलं असं माझं मत आहे. पुण्याला त्यांचा हप्ता किती होता ऐकलंत तर आपला झोपाळा थांबेल.

आता ज्याच्यासाठी तुम्हाला बोलावलं ते. फोडलेल्या बाथरूमचा आणि मागच्या भिंतीचा राडारोडा आहे ना, दोनेक ब्रास तरी असेल. तो उचलायला ट्रॅक्टरवाला येतो संध्याकाळी. मी काल गच्चीतून बघितलं, ट्रॉली कोपऱ्यावरून डावीकडे वळली, आणि पाच मिनिटांत रिकामी परत आली. पाच मिनिटांत कुठे टाकणार तो? मागच्या नाल्यात. अर्धा नाला तिथे आधीच भरलाय. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसाला ते पाणी नदीपर्यंत जाणारच नाही, आपल्या गल्लीत उभं राहील, नदीला पूर नसतानासुद्धा. घरात व्हॉल्व्ह बसवून आणि नाला बुजवून काय उपयोग? सूनबाईंना हे माहीत नसणार, ट्रॅक्टरवाला त्यांना कशाला सांगेल. उद्या सकाळी मिस्त्री आला की आपण दोघी जाऊन बोलू. टाकलेला काढून घ्यायला लावू आणि पुढचा महापालिका सांगेल तिथे टाकायला लावू, वर दोन पैसे जास्त गेले तरी.

आणि जायच्या आधी तुमच्या मागच्या अंगणातला तो जुन्या टाइलचा ढीग उचलून घ्या, वहिनी. गेल्या दिवाळीपासून तिथेच आहे.