टेस्टरकाका

लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका टेस्टर लावतात. लग्नाला जातानासुद्धा. मांडवातला एखादा पंखा गचके खात फिरताना दिसला की अक्षता डाव्या हातात जातात आणि उजवा हात खिशाकडे. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. बाकी डोंबिवलीच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ते टेस्टरकाका म्हणूनच ठाऊक आहेत.

असे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतात. वस्तू दुरुस्त झाली पाहिजे असा त्यांचा हट्ट नसतो, ती उघडली गेली पाहिजे एवढंच त्यांचं म्हणणं. ‘उघडून बघायला काय लागतं?’ हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं की समजावं, आजचा रविवार गेला.

जुलैतली गोष्ट. चार दिवस पावसाने डोकं वर काढू दिलं नव्हतं. गॅलरीतल्या दोरीवर आमचे कपडे वाळायच्या ऐवजी जास्तच भिजत होते, कारण वरून काकूंच्या चादरींचं पाणी त्यांच्यावर ठिबकत होतं. आणि नेमका तेव्हाच आमच्या सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर बसला. धुण्याची बाजू ठणठणीत. ड्रायरचा टायमर पिळला की नुसतंच ‘गूं…’ आणि टब जागचा हलेना. मुलाचा गणवेश आत, शाळा उद्या.

मी कोणालाही बोलावलं नव्हतं, हे इथे नमूद करून ठेवतो. पण काकांना जिन्यातून जाता जाता मोटरचं गूं गूं ऐकू येतं. दुसऱ्या मिनिटाला ते बाथरूमच्या दारात, लेंगा गुडघ्यापर्यंत वर.

‘‘सूनबाई, चहा टाक. अरे, तू पुन्हा चालू कर. आवाज ऐकू दे.’’

मी चालू केलं. काकांनी डोळे मिटून कान लावला. गवई तंबोरा जुळतोय का ते ऐकतो, तसा. गूं… गूं… बराच वेळ. शेवटी जरा जळकट वास आला तेव्हा ते तृप्त होऊन म्हणाले, ‘‘कंडेन्सर.’’

काका कपॅसिटर म्हणत नाहीत. सीलिंग फॅनच्या काळापासून त्यांचा कंडेन्सरच. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, काहीही बंद पडलं तरी आधी तोच गेलेला असतो. तरी पुरावा म्हणून त्यांनी सॉकेटच्या भोकात टेस्टर घातला, टोपीवर अंगठा ठेवला. लाल दिवा लागला. ‘‘बघ! करंट येतोय.’’ करंट येत होता हे धुण्याचा पंखा फिरताना सगळ्या घराला दिसत होतंच. पण काकांचा विश्वास त्या हरभऱ्याएवढ्या दिव्यावर.

मग मशीन भिंतीपासून पुढे ओढलं गेलं. प्लग काढला, तोही सूनबाईने. मागचं झाकण सुटलं. स्क्रू साबणाच्या डबीत. स्टेशनजवळून नवा कंडेन्सर आणायला मी छत्री घेऊन पळालो. आलो तेव्हा डबीतले स्क्रू वाढले होते. आता टायमरसुद्धा उघडला होता, ‘‘सहज.’’ नवा कंडेन्सर बसला. बटण फिरवलं. गूं…

‘‘हाही डुप्लिकेट दिला त्याने,’’ काका म्हणाले.

सोमवारी मेकॅनिक आला. विशीतला पोरगा, कानात इअरफोन. प्लग काढून त्याने मागे हात घातला, मोटरवरचा टब फिरवून पाहिला, तो घट्ट. ‘‘आवाजच नसता तर झाकणाचा स्विच, टायमर नाहीतर उंदराने खाल्लेली वायर बघितली असती. गूं गूं करतोय आणि हातानेही फिरत नाहीये म्हणजे कोणीतरी धरून ठेवलंय. ब्रेक नाहीतर खाली मोजा अडकलाय.’’ ड्रायरचं झाकण उघडलं की टब लगेच थांबावा म्हणून खाली ब्रेकचा गुटका असतो. झाकण लावलं की एक तार त्याला मागे ओढते. ती तार सैल पडली होती, त्यामुळे झाकण बंद असलं तरी गुटका घट्ट धरूनच. पोराने पक्कडीने तार ताणून पुन्हा अडकवली. टब एका बोटाने गरकन फिरला.

‘‘जुना कपॅसिटर चांगला होता, टाकू नका. आणि असं गूं गूं करत ठेवू नका, वाइंडिंग जळतं,’’ तो म्हणाला. मी वर छताकडे पाहिलं. काका दारातच उभे होते.

‘‘ब्रेकच असणार, मला वाटलंच होतं,’’ काका म्हणाले. ‘‘पण आधी कंडेन्सर बदललेला बरा असतो.’’ पोरगा हसला नाही. त्याच्या गावीही असा एक काका असणार.

डबीत शेवटी तीन स्क्रू उरले. ‘‘कंपनीवाले जास्तीचे देतात,’’ म्हणत काकांनी ते खिशात टाकले.

ड्रायर तेव्हापासून छान फिरतोय. आठवड्याने संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. खिशाला टेस्टर होताच, पण हातात बादली होती आणि बादलीत पिळून पीळ पडलेल्या दोन डबलबेडच्या चादरी.

‘‘तुमचा ड्रायर चालू आहे ना रे?’’ ते आवाज खाली आणून म्हणाले. ‘‘आमचा दिवाळीपासून उघडलाय.’’