कीबोर्डाचा कौल

गोव्यातल्या लाटंबार्से गावात प्रत्येक वाड्यावर एक 'कॉम्प्युटरचा भाऊ' असतोच. चाळिशीला टेकलेला, औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा, हातात कायम एक स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात कायम "येतो मी, हा पोचलोच" हे वाक्य. हे वाक्य तो बहुधा अंघोळीला जाण्याआधी बोलतो. 2002 च्या सुमारास गोवा सरकारने सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना नाममात्र पैशांत कॉम्प्युटर दिले, तेव्हा त्याच्या घरी पहिला खोका उतरला. बाकीच्या पोरांनी त्यावर पत्ते खेळत बारावी काढली. याने स्क्रू काढले. शिक्षण म्हणाल तर एवढंच. पण वाड्याला ते पुरतं.

"बाबू, माऊस हलत नाही आणि कीबोर्ड पण गप्प," असा काकीचा फोन गेला की भाऊ संध्याकाळी उगवतो. आल्या आल्या मशीनला हात लावत नाही. खुर्चीत टेकतो, पाणी घेतो आणि विचारतो, "शेवटचा हात कोणाचा लागला?" घरात सात माणसं. हात कोणाचाच लागलेला नसतो. असला निर्मनुष्य कॉम्प्युटर मी फक्त या गावात पाहिलाय.

मग कौल लागतो. देवळात गुरव देवाच्या अंगाला पाकळ्या लावून कौल मागतो, तसा भाऊ नम लॉकचं बटण दाबतो. दिवा लागला-विझला, तर मशीन शुद्धीवर आहे, बिघाड माऊसकडेच शोधायचा. दिवा ढिम्म, तर एकतर कॉम्प्युटर गोठलाय, नाहीतर तार सुटलीय. अशा वेळी दुसरा कौल: बंद करून परत सुरू करायचं आणि कीबोर्डवरचे दिवे एकदा लकाकतात का ते बघायचं. लकाकले, म्हणजे वीज तरी पोचतेय. काकी नकळत हात जोडते.

यानंतर भाऊ टेबलाखाली शिरतो आणि फक्त पाय दिसत राहतात. या जुन्या मशीनच्या पाठीला दोन गोल भोकं असतात, जांभळं कीबोर्डचं, हिरवं माऊसचं. आयबीएमने 1987 मध्ये पीएस/2 नावाच्या कॉम्प्युटरांबरोबर आणलेली ही जोडी, रंग मागाहून आले. दोन्हींचा आकार एकच. काळोखात अदलाबदल झाली की बहुतेक मशीनांत दोघंही मुके. शिवाय यूएसबीसारखं चालू मशीनमध्ये खुपसून भागत नाही. कॉम्प्युटर उठताना एकदाच हजेरी घेतो, त्या वेळी जो नसेल तो दिवसभर गैरहजर. घरच्यांनी तर सकाळपासून चालू मशीनमध्येच तार काढून, फुंकून, ओली करून, दाबून पाहिलेली असते. त्या दाबण्यात एक पिन वाकते. भाऊ रिकाम्या रिफिलची नळी त्या पिनेवर चढवतो आणि जीभ दातांत धरून हळूच सरळ करतो. एवढा वेळ तो कोणाशी बोलत नाही.

कीबोर्ड उलटा केला की घराचा इतिहास गळतो. चिवड्याची शेव, स्टेपलरची पिन, सुकलेल्या मुंग्या, अक्षता आणि झेंडूची पाकळी. खंडेनवमीला कोयत्या-विळीच्या रांगेत कॉम्प्युटरही बसतो. हळदकुंकू तर स्पेसबारखाली असं बसलेलं असतं की बटण दाबलं की वर यायला मागत नाही. माऊस जुना असला तर पोटातली चकती फिरवून रबरी गोळी काढायची आणि आतल्या रुळांवर चढलेलं मळाचं कडं नखाने सोलायचं. गोळी दर वेळी खाटेखाली घरंगळते आणि दर वेळी ती शोधायला मांजर आणि धाकटा एकदमच धावतात.

"नवा कीबोर्ड घ्या की," असं शहरातून आलेला जावई म्हणतो. घेतलेला असतो. तो यूएसबीचा निघतो आणि जुन्या मशीनच्या बायॉसमध्ये, म्हणजे मशीन उठतानाच्या मूळ सेटिंगांत, यूएसबी कीबोर्डची सोय बंद असते. ती सुरू करायला बायॉसमध्ये जावं लागतं, आणि आत जायला चालणारा कीबोर्ड लागतो. म्हणून भाऊच्या कापडी पिशवीत गोल पिनेचा एक पिवळा पडलेला कीबोर्ड कायम असतो. वाड्यावरची निम्मी मशीनं त्यानेच उठवलीत. तो कीबोर्ड तो कोणाला उसना देत नाही, सख्ख्या मेव्हण्यालाही नाही.

मग मशीनच का बदलत नाहीत? कारण जत्रेतल्या नाटकाची हस्तपत्रिका, भजनी सप्ताहाची पत्रिका, वर्गणीची यादी हे सगळं जुन्या मराठी फाँटात त्याच्या पोटात आहे. नव्या लॅपटॉपवर ती फाईल उघडली की 'संगीत' आणि 'सौजन्य' यांच्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी. नाटकात काम करणाऱ्या अर्ध्या मंडळींची नावं त्या खिचडीत बुडतील, आणि मग जत्रेत जे होईल ते नाटकापेक्षा रंगेल. माझं मत विचाराल तर मशीन जपणारे वेडे नाहीत.

भाऊ पैसे घेत नाही. चहा, मोसम असेल तर ओले काजू, नाहीतर एक नारळ. पण त्याची खरी करामत मशीनमध्ये नाहीच. दहातल्या सात वेळा तार नुसती सुटलेली असते. झाडू मारताना काकीने टेबल ओढलेलं असतं, किंवा काकाने मोबाईल चार्जिंगला लावायला मागे हात घातलेला असतो. भाऊला ते पहिल्या मिनिटालाच कळतं. तरी तो टेबलाखाली वीस मिनिटं काढतो, दोन स्क्रू सोडतो, तेच दोन स्क्रू परत आवळतो. तार सुटली होती म्हटलं तर सकाळपासून एकमेकांवर ओरडलेल्या सात माणसांनी कुठे बघायचं?

"मग झालं तरी काय होतं रे?" काकी विचारते.

भाऊ पँटीवरची धूळ झटकतो. "पोर्टाने दमटपणा धरलेला, काकी. पावसाळी हवा."

"मी सकाळीच म्हटलेलं," काका पेपरातून मान न काढता म्हणतात, "हवा बरी नाही म्हणून. पण या घरात माझं ऐकतो कोण?"