तिसरी क, चौथी अ

लेकीने लग्न ठरवलं तेव्हा मी आणि हे, आम्ही दोघांनी भांडणाची सगळी कारणं आधीच मोजून ठेवली होती. जावई न्यू जर्सीतला, काळा, बाप्टिस्ट घरातला. म्हणजे धर्मावरून होणार, भाषेवरून होणार, जेवणावरून तर होणारच. एकावरूनही झालं नाही. विहीणबाईंनी पुरणपोळी दोनदा मागून घेतली आणि ह्यांनी त्यांच्या चर्चमध्ये टाळ्यांचा ठेका असा धरला की पाद्रीबुवा भाषणात त्यांच्याकडे बघून हसले. मग नात झाली, चिमी. तिला केस आले. आणि मग झालं.

विहीणबाई मूळच्या जॉर्जिया राज्यातल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर नेवार्कला आल्या आणि जन्मभर नर्सची नोकरी केली. मी साताऱ्यात शाळामास्तरीण. दोघींनाही आपण सांगितलेलं समोरच्याने निमूट ऐकावं याची सवय. त्या मला ‘मिस सुमन’ म्हणतात, मी त्यांना विहीणबाईच म्हणते. हाकेत आदर भरपूर आहे. बाकी ठिकाणी थोडी ओढाताण.

पहिली ठिणगी जावळावरून. आमच्यात वर्षाच्या आत मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात, म्हणजे पुढे केस दाट येतात. त्यांच्यात वर्ष होईपर्यंत मुलाच्या डोक्याला कात्री लावायचीच नाही, लावली तर बोलायला उशीर होतो. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी दोन्ही पक्षांचं शांतपणे ऐकून घेतलं. केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, वर वस्तरा फिरला की नाही ते त्याला कळतही नाही, आणि जिभेचा तर या प्रकरणाशी संबंधच नाही, असं त्या म्हणाल्या. हे शास्त्र दोघींनाही पटलं नाही. या मुद्द्यावर आमचं पहिल्यांदा एकमत झालं. शेवटी बरोबर वाढदिवसाच्या दिवशी बॉस्टनहून आलेल्या मामाच्या मांडीवर चिमीची एक बट कापली. वर्षही भरलं, मामाही भरून पावला.

खरी लढाई शनिवारची. लेकीच्या घरात शनिवारची सकाळ केस धुण्याची असते आणि ती जेवणापर्यंत चालते. मी नाहायला घालणार म्हणजे आधी डोक्यावर कोमट खोबरेल थापायचं, मग शिकेकाईने खसाखसा धुवायचं, टॉवेलने झटकायचं, वाळले की मुळापासून खाली फणी ओढायची आणि दोन घट्ट वेण्या. साताऱ्यात मुलींच्या दोन पिढ्या मी अशा रिबिनी बांधून प्रार्थनेला उभ्या केल्या आहेत. विहीणबाईंनी माझ्या हातातली फणी काढून घेतली आणि खिडकीत ठेवली. ढेकणाला लांब ठेवतात तशी.

मग त्यांनी जे केलं ते मी विद्यार्थिनीसारखं बघत बसले. आधी कोमट पाण्याने सगळं डोकं चिंब. चार भाग, चार चाप. एक भाग सोडायचा, त्यात मूठभर कंडिशनर, आणि बुळबुळीत झाला की नुसत्या बोटांनी गुंता सोडवायचा. नंतर मोठ्या दातांचा कंगवा, तोही टोकाकडून वर वर जात. वरून खाली ओढलात की सगळ्या गाठी एका जागी जमतात आणि केस वळणावरच तुटतो. कोरड्या केसाला हात लावायचा नाही. चिमी हे सगळं होईपर्यंत दोन कार्टूनं आणि एक संत्रं संपवते. तिचं डोकं विहीणबाईंच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये अडकवलेलं. हलली की कंगव्याची पाठ टकुऱ्यात. ही बैठक मात्र मला चांगलीच ओळखीची होती. माझी आजी हेच करायची, फक्त संत्रं द्यायची नाही.

यामागचं कारण लेकीने समजावलं आणि ते मला पटलं. टाळूला तेल सुटतंच, सगळ्यांना सुटतं. सरळ केसावरून ते सरसर खाली उतरतं, म्हणून आमच्या वेण्या दुसऱ्या दिवशी तेलकट. कुरळ्या केसावर ते वळणावळणाला अडतं आणि टोकाला पोचतच नाही, म्हणून टोकं कायम कोरडी. रोज न्हाऊ घातलं तर असलेलंही धुऊन जातं. आठवड्यातून एकदा पुरे. माझी शिकेकाई तर ठणठणीत कोरडं करणारी, ती ताबडतोब हद्दपार झाली.

या केसांचे वर्गही आहेत. ओप्रा विन्फ्रेचे केस करणारे आंद्रे वॉकर यांनी 1990च्या दशकात केसांची प्रतवारी लावली. एक म्हणजे सरळ, दोन लाटांचे, तीन कुरळे, चार अगदी बारीक वळणांचे, आणि प्रत्येकात अ, ब. पुढे लोकांनी तीन आणि चारमध्ये आणखी तुकड्या काढल्या, ‘क’ वगैरे. शिक्षणखात्यात आयुष्य गेलेल्या बाईला यापेक्षा सोपं काय असणार? चिमी पुढून तिसरी क आणि मागून चौथी अ. एका डोक्यात दोन इयत्ता, म्हणजे माझी वाडीवरची जोडवर्गाची शाळाच. दोन्ही वर्गांना एकच अभ्यास लावून चालत नाही. पुढे हलकं काहीतरी, मागे जड. मिश्र घरातल्या मुलांचं हेच असतं म्हणे. आईचे केस अर्धे, बापाचे अर्धे असा हिशेब लागत नाही, प्रत्येक बट स्वतःच्या मर्जीने कुणाकडे तरी जाते.

आता तेलाचा तंटा. विहीणबाईंचा भरवसा शिया बटरवर. पश्चिम आफ्रिकेतल्या झाडाच्या बियांचं ते लोणी, घाना आणि बुर्किना फासोकडच्या बायका हाताने घुसळून काढतात. फिकट पिवळा गोळा, काचेच्या बरणीत, स्वयंपाकघराच्या फळीवर. आमच्या ह्यांनी एके सकाळी तो पोळीला लावून खाल्ला. जरा ओशट आहे म्हणाले, पण दुसरी पोळी घेतली. विहीणबाई नर्सच्या निर्विकार चेहऱ्याने म्हणाल्या, काही होत नाही, तिकडे स्वयंपाकातही घालतात. पण बरणी त्या दिवसापासून कपाटात गेली.

मी खोबरेलावर अडून होते, आणि मला पुरावा सापडला. 2003 साली एका इंग्रजी शास्त्रीय नियतकालिकात लेख आला होता: खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांत केसाच्या आत शिरून प्रथिनं वाचवणारं एकटं खोबरेल. लेखक रेळे आणि मोहिले, मुंबईचे. आडनावं वाचूनच माझा ऊर भरून आला. जावयाकडून छापून घेतलं आणि विहीणबाईंच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. त्यांनी चष्मा लावून अथपासून इतिपर्यंत वाचलं. मग म्हणाल्या, “मिस सुमन, तुमचं तेल आत जातं. माझं लोणी बाहेर राहून पाणी धरून ठेवतं. मग भांडतो कशाला?” तेव्हापासून न्हाण्याआधी खोबरेल, न्हाण्यानंतर ओल्या केसावर शिया. तहावर सह्या झाल्या नाहीत, पण पाळला जातो.

रात्री डोक्याला साटीनची टोपी. सुती उशी केसांतला ओलावा शोषते आणि घासून गुंता करते. टोपी निघाली तर पंचाईत नको म्हणून उशीचा अभ्राही साटीनचा. ह्यांनी टोपी बघून “ही काय अंघोळीची टोपी घालून झोपते?” असं विचारलं, तेव्हा मी विहीणबाईंच्या आधी उत्तर दिलं. फार घट्ट वेण्यांवरही आमचं जमलं. सतत ओढ बसली की कपाळावरची केसांची रेघ मागे सरते. हे दुखणं पहिल्यांदा 1907 साली ग्रीनलंडच्या बायकांमध्ये नोंदलं गेलं, अंबाडे करकचून बांधायच्या म्हणून. साताऱ्याच्या मुलींना कुणी तपासलं नाही, एवढंच.

विहीणबाई केसांवरून इतक्या कडक का, हे एका शनिवारी हात चालता चालता निघालं. त्यांच्या लहानपणी ईस्टरच्या आदल्या रात्री शेगडीवर लोखंडी कंगवा तापवायचे आणि त्याने केस सरळ करायचे. कान दुमडून हाताने धरायचा, तरी चटका बसायचाच. पुढे नोकरीत एका वरिष्ठ बाईने त्यांच्या वेण्यांना ‘नीटनेटकं नाही’ म्हटलं. ते त्या विसरलेल्या नाहीत. 2018च्या डिसेंबरात न्यू जर्सीतच शाळेच्या कुस्तीत पंचाने एका काळ्या मुलाला जटा कापल्याशिवाय खेळता येणार नाही असं सांगितलं, आणि तिथेच मॅटशेजारी कात्री चालली. बरोबर वर्षाने, 19 डिसेंबर 2019 रोजी, केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर राज्यपालांची सही झाली. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षी आधी केला होता. आपल्याकडे केसांवर गाणी आहेत. तिकडे कायदा करावा लागला. गाण्यांचंही खरं काय? कुरळ्या कुंतलांचं कौतुक ओव्यांपासून भावगीतांपर्यंत, आणि घरात तेच केस तेलाने चापूनचोपून बसवायचे.

कातडीचं मात्र थोडक्यात आटोपतं. जन्मली तेव्हा चिमीच्या कमरेवर निळसर डाग होते. असे डाग सावळ्या-काळ्या बाळांना पुष्कळदा असतात, काही वर्षांत विरतात. दवाखान्यात ते कागदावर नोंदवून घेतात, उद्या कुणाला मारल्याचे वळ वाटू नयेत म्हणून. अंघोळीनंतर दोन मिनिटांत, अंग दमट असतानाच लोशन. जर्सीच्या थंडीत घरातला हीटर कातडी सुकवतो आणि गुडघे-कोपरं राखट दिसायला लागतात. राखट गुडघ्यांनी पोर बाहेर गेली तर विहीणबाईंच्या घराण्याची अब्रू जाते. आमच्याकडे अंगठ्याने साय चोळायची पद्धत होती, मतलब तोच. उन्हात क्रीम काळ्यासावळ्यांनाही लागतं, पण झिंकवालं लावलं की पोर पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी दिसते. विरघळणारं शोधावं लागतं.

डाळीचं पीठ चोळू देत नाही लेक, आणि बरोबरच आहे. कारण ते स्वच्छतेसाठी कुणी सुचवतच नाही. फोनवर नणंद म्हणाली, “दुधात कालवून लाव, उजळेल.” उजळून कुठे जायचंय तिला? जाहिरातींतल्या त्या प्रसिद्ध क्रीमने 2020 साली नावातला ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातला. नणंदेपर्यंत ती बातमी अजून पोचलेली नाही.

गेल्या डिसेंबरात पुतण्याच्या लग्नाला चिमी पुण्याला आली. डोक्यावर दोन मोठे गोंडे. मांडवात प्रत्येकाचा हात आधी गोंड्याला, मग आशीर्वादाला. मुलांनी ‘मॅगी’ म्हटलं. एका मावसबहिणीने “अगंबाई, सत्यसाईबाबा!” म्हणून खरोखर हात जोडले. चिमीने सगळ्यांना एकच वाक्य ऐकवलं, जे तिला तिच्या जर्सीच्या आजीने पाठ करून दिलंय: “आधी विचारायचं.” मराठीत म्हणाली, त्यामुळे सगळ्यांना लागलंही आणि कौतुकही वाटलं. मोगऱ्याचा गजरा गोंड्याभोवती गुंडाळला, पिन लागलीच नाही. माझा मुहूर्ताच्या आधी दोनदा पडला.

लग्नाआधी मेंदीसाठी कोथरूडच्या एका पार्लरमध्ये गेलो होतो. तिथल्या बाईंनी चिमीकडे बघून दयेने मान हलवली. “आजी, हिचं स्मूदनिंग करून टाका. लांबीवर रेट आहे. कानापर्यंत वेगळा, खांद्यापर्यंत वेगळा, पाठीपर्यंत जास्त.”

“मोजा,” मी म्हटलं.

त्यांनी एक बट धरून ताणली, ती थेट पाठीच्या मध्यावर. सोडली, टुणकन कानाशी. पुन्हा ताणली. पुन्हा सोडली. चिमीला मजा यायला लागली. बाईंनी रेटकार्डाकडे पाहिलं, मग चिमीकडे.

“लांबी कुठली धरू?”

“ती तिला विचारा,” मी म्हटलं. चिमी म्हणाली, “मेंदीच काढा.”

मेंदी काढता काढता बाई गप्प होत्या. त्यांचे स्वतःचे केस इस्त्री केल्यासारखे सरळ, पण भांगाशी बोटभर नवीन आलेले चांगले वळणदार. शेवटी हळूच विचारलं, “आजी, हिला लावता काय तुम्ही?”

मी पर्स बाजूला ठेवली. “लिहून घ्या. पहिलं म्हणजे तो बारीक कंगवा टाकून द्या. दुसरं, धुण्याआधी खोबरेल—”

चिमीच्या मांडीवरच्या फोनमधून विहीणबाईंचा आवाज आला. नेवार्कला पहाट होती, त्या मेंदी बघायला म्हणून जाग्या होत्या. मराठी कळत नाही, पण खोबरेल तेवढं बरोबर कळतं.

“मिस सुमन,” त्या म्हणाल्या, “लोण्याचं सांगितलंत का तिला?”